जिन्यावरच्या भांडणांचा टप्प्याटप्प्याने अभ्यास

वहिनींना पदवी हवी होती. संशोधन त्यांनी कुणाकडे मागितलं नव्हतं. पण संध्याकाळच्या कॉलेजात शेवटच्या सत्राला एक शोधनिबंध असतो आणि तो लिहिल्याशिवाय बाकीचे सगळे पेपर पाण्यात जातात, हे त्यांना सत्र सुरू झाल्यावर कळलं. तोवर फी भरून झाली होती आणि इमारतभर सांगूनही झालं होतं. फी एक वेळ परत मिळते. सांगितलेलं परत घेता येत नाही.

निबंध शिकवणाऱ्या मॅडम वहिनींच्या मुलीपेक्षाही लहान होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्यांना धीर दिला. "घाबरू नका. एकदम काही लिहायचं नाहीये. टप्प्याटप्प्यानं जायचं. आधी विषय, मग प्रस्ताव, मग संदर्भ, मग निरीक्षणं, मग कच्चा मसुदा, मग पक्का, आणि शेवटी तोंडी परीक्षा. असं करत गेलं की कळतसुद्धा नाही."

यातलं शेवटचं वाक्य तंतोतंत खरं ठरलं. सत्र संपेपर्यंत वहिनींना काहीएक कळलं नाही.

विषय निवडायच्या दिवशी त्या जय्यत तयारीनं गेल्या होत्या. पुष्कळ खाडाखोड करून त्यांनी विषय ठरवला होता, 'माणसाचं माणसाशी नातं'. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईनं यावर लिहायचं नाही तर कुणी लिहायचं? मॅडमनी तो वाचला, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. फक्त जरा मोठा आहे. थोडा आवळा."

वहिनींनी आवळला. "शहरातल्या माणसांचं नातं?"

"अजून."

"शहरातला शेजार?"

"अजून थोडा. हे तर दहा जणांचं आयुष्यभराचं काम होईल."

ही मुलगी विषय आवळते आहे की आपला गळा, असं वहिनींना वाटायला लागलं. मागच्या बाकावरची पोरंही ऐकत होती. "बरं, एका इमारतीतला शेजार."

"एका इमारतीतला. पण त्यात नेमकं काय?"

इथे वहिनींचा तोल गेला. "नेमकं काय असणार? भांडणं! जिन्यात कुणी काय ठेवलं यावरून उठल्याबसल्या भांडणं! दुसरं काय असतं इमारतीत?"

मॅडमनी टाळीच वाजवली. "हाच तुमचा विषय!"

दुसऱ्या कुणाला म्हणाल्या असतील म्हणून वहिनींनी मागे वळून पाहिलं. तेवढ्यात मॅडमनी फळ्यावर लिहिलंसुद्धा, 'सामायिक जागेच्या वापरावरून होणारे मतभेद : एका निवासी इमारतीच्या जिन्याचा अभ्यास'. ते वाचून वहिनींचा ऊर भरून आला आणि त्याच उरात धडधडायलाही लागलं. रागाच्या भरात तोंडातून निसटलेलं वाक्य असे इस्त्रीचे कपडे घालून समोर उभं राहील, याची त्यांना कल्पना नव्हती. आणि भांडणं म्हणजे कुणाची, तर शेजाऱ्यांची. पाण्यात राहून माशांचं संशोधन करायचं होतं.

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट भाऊंना सांगितली. भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायचं त्यांचं काम. जळालेल्या गोदामापासून बुडालेल्या ट्रकपर्यंत कुठल्याही गोष्टीत आधी खोट शोधायची, हा त्यांचा व्यवसाय आणि एव्हाना स्वभावही. बायकोच्या शिक्षणाबद्दल त्यांना मनापासून कौतुक होतं. म्हणूनच ते म्हणाले, "तू काही काळजी करू नकोस. माझ्यावर सोड."

संसारात या वाक्यानंतर जे जे होतं ते सगळं झालं. भाऊंनी पट्टी, पेन्सिल घेऊन एक भलामोठा तक्ता आखला आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वर चिकटवला. प्रत्येक टप्प्याची तारीख, प्रत्येक तारखेपुढे सूचना, आणि सगळ्यात शेवटच्या चिंचोळ्या रकान्यात, 'काम करणारी व्यक्ती', तिथे वहिनी. भाजीच्या वाफेनं आठवडाभरात शाई पसरली आणि 'संदर्भ' या शब्दातून एक जांभळा ओघळ 'तोंडी परीक्षे'पर्यंत गेला.

प्रस्तावात एक 'गृहीतक' लिहायचं होतं. शब्द ऐकूनच वहिनींना ते घरातलं काहीतरी असावंसं वाटलं होतं.

"गृहीतक म्हणजे काय हो?"

"सोपं आहे," भाऊ म्हणाले. "आपण जे आधीपासून गृहीत धरून चालतो ते."

"म्हणजे माझ्यासारखं."

"हां, अगदी तसंच," भाऊ रेघ मारत म्हणाले. आपण कशाला हो म्हणालो याचा त्यांना पत्ता नव्हता. मग त्यांनीच गृहीतक सांगितलं : जिन्यात जितकं सामान जास्त, तितकी भांडणं जास्त. मॅडमनी त्याच्यावर बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, 'ज्यांचा अभ्यास करणार त्यांची लेखी संमती घ्या.'

आता संमती घ्यायची म्हणजे चार ओळींचा कागद पुरला असता. पण सगळ्यात वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. त्यांचं कोर्टात फारसं चालत नाही, त्यामुळे जिन्यात खूप चालतं. वहिनींच्या हातातला कागद पाहून ते कळवळले. "अहो वहिनी, अशा कागदाला काय किंमत? उद्या कुणी उलटलं तर? द्या इकडे."

वकिलांनी जो मसुदा करून दिला तो असा सुरू होत होता : 'मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो/देते की, सदर जिन्यावरील माझे वर्तन, वक्तव्य व वस्तू यांची नोंद घेतली जाण्यास माझी वा माझ्या वारसांची हरकत असणार नाही.'

भाऊंना तो फार आवडला. त्यांनी त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि सकाळी दारोदार वाटल्या. दुपारपर्यंत इमारत हादरली.

सगळ्यात आधी आल्या समोरच्या शिवणवाल्या ताई. या घरी कपडे शिवतात आणि बोलताना तोंडात टाचण्या धरतात, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य गुपित असल्यासारखं वाटतं. "वहिनी, आपल्यात लपवाछपवी नको. जिना विकायला काढलाय का?"

"जिना कोण विकत घेईल ताई?"

"तेच म्हणते मी! मग वारस कशाला?"

मग आले पोस्टमास्तर. हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "तपासणीवाले कधी येणार आहेत? मला तरी आधी सांगायचं."

"कसली तपासणी? मी अभ्यास करतेय हो. कॉलेजचा."

"बरोबर, बरोबर. कुणी विचारलं तर अभ्यासच सांगायचं," पोस्टमास्तर डोळा बारीक करून म्हणाले आणि सही न करताच गेले. सही केलीच नाही कुणी. सगळ्यांनी कागद 'वाचायला' ठेवून घेतला. वकिलांनी, ज्यांनी तो लिहिला होता, त्यांनीसुद्धा. "मी कोणालाही सही करण्यापूर्वी विचार करण्याचा सल्ला देतो," ते म्हणाले. "स्वतःला वेगळा कसा देऊ?"

संमती येईतो वहिनींनी संदर्भांचा टप्पा उरकायचं ठरवलं. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, कार्ड आणा. कार्डाच्या खिडकीवर म्हणाले, ओळखपत्र आणा. ओळखपत्रासाठी ग्रंथालयाचं काही येणं नाही असा दाखला लागत होता. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, दाखला देऊ की, कार्ड आणा. हे सगळे लोक आपापल्या जागी इतके बरोबर होते की वहिनींना चूक फक्त आपल्यातच दिसायला लागली. शेवटी त्या मुख्य कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनानं मान वर न करता बाकाकडे बोट केलं. "पालकांनी तिकडे बसावं."

"मी पालक नाही."

"मग मुलाला पाठवा. मुलांनी स्वतःची कामं स्वतः केली पाहिजेत. तुम्हीच लाडावून ठेवता."

"अहो, मीच ते मूल!" वहिनी ओरडल्या.

 कारकुनानं मान वर करून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाला, "यांना जरा पाणी द्या." वहिनी पाणी प्यायल्या, कारण घसा खरोखरच कोरडा पडला होता, आणि बाकावर जाऊन इतर पालकांत बसल्या. त्यातल्या एका बाईंशी त्यांची चांगली ओळख झाली. त्यांच्याच मुलाच्या कार्डावर वहिनींना पुस्तकं मिळाली. शेजारसंबंधांवरचं एकही नव्हतं; एक होतं मुंग्यांच्या समूहजीवनावर. वहिनींनी ते संदर्भसूचीत घातलं. मॅडमनी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, पण खोडलं नाही.

इकडे इमारतीत वेगळाच प्रकार झाला. एके सकाळी वहिनी दूध आणायला दार उघडून बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. जिना रिकामा होता. पोस्टमास्तरांचं चपलांचं कपाट, जे त्यांच्या दारापासून सुरू होऊन हळूहळू खालच्या पायऱ्यांकडे सरकत होतं, ते नाहीसं झालं होतं. ताईंचं मोडकं शिलाई मशीन आणि त्यावरचे चिंध्यांचे गठ्ठे गायब. वकिलांनी व्यायामासाठी आणून कठड्याला साखळीनं बांधलेली जागच्या जागी चालणारी सायकल गेली होती. एवढंच काय, वहिनींच्या स्वतःच्या दारासमोरच्या कुंड्यासुद्धा नव्हत्या.

"कुंड्या कुठे गेल्या?"

"न्हाणीघरात," भाऊ म्हणाले. "उगाच कशाला? नोंद व्हायची."

"नोंद करणारी मीच आहे ना!"

"म्हणूनच म्हटलं. घरच्यांना सूट दिली असं कुणी म्हणायला नको."

जिना मोकळा करा म्हणून समितीनं आजवर किती सूचना लावल्या, किती सभा घेतल्या. पालथ्या घड्यावर पाणी. ते काम वहिनींच्या एका झेरॉक्सनं झालं. पोस्टमास्तरांनी त्यांचं जाहीर अभिनंदन केलं. आणि वहिनींना रडू कोसळायचं बाकी राहिलं, कारण सामान नाही म्हणजे भांडण नाही, आणि भांडण नाही म्हणजे निबंध नाही.

तरी त्या नेटानं निरीक्षणाला बसल्या. स्टूल घेतलं, पेन घेतलं, मधल्या मजल्यावर वळणाशी जाऊन बसल्या. त्यांना पाहिलं की माणसांच्या चेहऱ्यावर फोटो काढताना येतं तसलं हसू येई. ज्या ताई आणि पोस्टमास्तर एकमेकांच्या चपलांनासुद्धा शत्रू मानत, ते समोरासमोर आले.

"या, आधी तुम्ही उतरा," पोस्टमास्तर म्हणाले.

"छे छे, तुम्ही मोठे. आधी तुम्ही चढा."

"असं कसं? तुमच्या हातात ओझं आहे."

"ओझं कसलं? शेजाऱ्यांच्या प्रेमापुढे काय आहे त्यात," ताई म्हणाल्या आणि वहिनींकडे वळून विचारलं, "लिहिलंत ना?"

दोघंही तिथेच उभे. शेवटी दोघंही आपापल्या घरी परत गेले. वहिनींना या सभ्यपणाची अक्षरशः भीती वाटायला लागली. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, तसं त्यांना झालं. भांडण नको, पण ही माणसं आवरा. त्याहून विचित्र गोष्ट अशी की पूर्वी ताई सकाळी कपाटावरून कडाकडा भांडून झाल्यावर पोस्टमास्तरीणबाईंची तब्येत विचारायच्या, बाहीचं माप घ्यायच्या. ते सगळं बंद झालं. दारं उघडायची, हसू यायचं, दारं लागायची. जिन्यात पावलांचा आवाज घुमायला लागला. वहिनींना चुकल्याचुकल्यासारखं वाटत राही, पण हे निरीक्षण म्हणून लिहायचं की स्वतःची कटकट म्हणून, हे ठरेना.

कच्च्या मसुद्याची तारीख आली. तक्त्यावर तिच्याभोवती लाल वर्तुळ होतं. वहिनींनी जे काही मोडकंतोडकं लिहिलं होतं ते भाऊंनी टाइप करायला घेतलं आणि टाइप करता करता 'थोडं नीट' केलं. त्यांना राहवलंच नाही. वहिनींनी लिहिलं होतं, 'पायऱ्यांवर सामान असलं की माणसं एकमेकांपाशी अडतात आणि थांबतात.' भाऊंनी केलं, 'सदर पायऱ्यांच्या वापरात अडथळा उद्भवल्यास उभय पक्षांमध्ये मतभेदाची जोखीम संभवते. मात्र नैसर्गिक झीज यातून वगळण्यात आली आहे.' वहिनींनी ते वाचलं. काही कळलं नाही, पण वजनदार वाटलं. त्यांनी देऊन टाकलं.

आठवड्यानं मॅडमनी त्यांना तासानंतर थांबवून घेतलं. मसुदा लाल रंगानं भिजला होता.

"वहिनी," मॅडम अवघडून म्हणाल्या. आता त्याही वहिनीच म्हणायला लागल्या होत्या. "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो... म्हणजे, माझंच आहे."

"आम्ही प्रत्येक मसुदा संगणकावर तपासतो, दुसरीकडून उचललेला नाही ना म्हणून. तुमचा मजकूर एका विमा योजनेच्या माहितीपुस्तिकेशी जुळतोय. पानंच्या पानं." त्यांनी आवाज खाली आणला. "मी वर कळवलं तर सत्र जाईल. मी कळवणार नाही, पण मला तुमचं स्वतःचं लिहिलेलं हवं. नाहीतर पदवी थांबेल."

चोर. कुणी तो शब्द उच्चारला नव्हता, पण घरी येईपर्यंत वहिनींना रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्याकडे तसंच बघतोय असं वाटत होतं. त्या इमारतीत शिरल्या, जिना चढायला लागल्या आणि वरून शीळ घालत, हातात पिशवी घेऊन भाऊ उतरत आले.

"काय म्हणाल्या मॅडम? भाषा आवडली असेल."

पुढचं सगळं इतक्या वेगानं झालं की वहिनींना नंतर क्रम लावता आला नाही. आपण "भाषा?" एवढंच हळू म्हणालो, हे त्यांना आठवत होतं. त्यानंतर त्यांचा आवाज जिन्यातून वर चढत गेला तो थेट गच्चीपर्यंत.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं सदर घालायला? मी विचारलं होतं? एक तरी वाक्य माझं ठेवलंत?"

"अगं, मी तुझ्यासाठी जागून..."

"माझ्यासाठी नाही! तुम्हाला माझं लिहिलेलं कच्चं दिसतं, म्हणून! माझा स्वयंपाक खाता ना बिनदुरुस्तीचा? मग माझं वाक्य का नाही गिळवत? चोर ठरले मी आज. या वयात! तो निबंध माझा होता हो. चांगला, वाईट, माझा!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

लोक ऐकतच होते. दारं एकामागोमाग एक उघडली. पोस्टमास्तर मध्यस्थीला पुढे आले. "भाऊ, चूक तुमची आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये."

"हे तुम्ही बोलावं?" ताई उसळल्या. तोंडात टाचण्या नसल्यामुळे त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा लागला होता. "माझ्या मशीनमध्ये किती वेळा नाक खुपसलंत? तुमचं ते कपाट तर माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं!"

"कपाट जागेवर होतं. तुमच्या चिंध्या फिरायच्या!"

"कायद्यानं पाहिलं तर," वरून वकील म्हणाले.

"तुम्ही सायकल बघा!" ताई आणि पोस्टमास्तर एका सुरात ओरडले. एकमेकांशी त्यांचं गेल्या कित्येक दिवसांत झालेलं हे पहिलं एकमत.

मग काही विचारू नका. महिनाभर गिळलेलं सगळं बाहेर पडलं. पाणी गळणाऱ्या कपड्यांपासून रात्रीच्या रेडिओपर्यंत एक विषय सुटला नाही. कुणीतरी तावातावानं म्हणालं, "मी तर बाबा माझं सामान आत्ता बाहेर काढतो, बघू कोण काय करतं!" आणि पोस्टमास्तरांचं कपाट फरफटत बाहेर आलंसुद्धा. मागोमाग मशीन आलं. वकील सायकल उतरवायला लागले. ती वळणावर अडकली, तेव्हा ज्यांच्याशी भांडण चाललं होतं त्यांनीच खालून आधार दिला आणि देता देताही भांडत राहिले. भाऊ मुकाट्यानं घरात गेले आणि एकेक कुंडी बाहेर आणून ठेवू लागले. हे बंडाचं लक्षण होतं की शरणागतीचं, कुणालाच समजलं नाही.

आवाज दमले तेव्हा लक्षात आलं की कुणी आत जात नाहीये. पोस्टमास्तरीणबाईंच्या गुडघ्याची चौकशी झाली. ताईंनी वकिलांच्या शर्टाची उसवलेली शिवण पाहिली आणि तो तिथल्या तिथे मागून घेतला. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. सत्रभर ज्याची वाट पाहिली ते भांडण डोळ्यांदेखत घडलं होतं आणि त्यांच्या हातात पेनसुद्धा नव्हतं. शिवाय सगळ्यात मोठ्यानं ओरडलेली व्यक्ती संशोधकच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळं सांगून टाकलं. "नापास करा मला. मी भांडणं बघायला बसले आणि स्वतःच भांडले."

मॅडमचे डोळे चमकले. "अहो, याला पद्धत म्हणतात! सहभागी निरीक्षण!"

"म्हणजे आगीत तेल ओतायचं आणि मग धूर मोजायचा?"

"लोकांना विचारून लिहा. पण हे असंच लिहा, जसं मला सांगितलंत तसं."

मॅडमनीच चार ओळींचं साधं संमतीपत्र करून दिलं. वारस वगैरे काही नसलेल्या त्या कागदावर सगळ्यांनी उभ्या उभ्या सह्या केल्या. एकदा इतकं भांडून झाल्यावर लपवायचं काय राहिलं होतं?

घरात मात्र अबोला होता. भाऊ 'मीठ' आणि 'किल्ली' एवढेच शब्द बोलत होते. तिसऱ्या दिवशी वहिनी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसल्या, तर भाऊ संगणक उचलून घेऊन आले आणि समोर बसले.

"तू सांग. मी टाइप करतो. एक शब्द बदलणार नाही."

वहिनी सांगू लागल्या. भाऊ टाइप करू लागले. त्यांना किती यातना होत होत्या ते स्पष्ट दिसत होतं. "भांडण... इथे 'विवाद' घालू?"

"नको."

"'कडाकडा' हा शब्द निबंधात..."

"कडाकडाच."

ते पुढे गेले. मग वहिनींनी जरा थांबून सांगितलं, "लिहा. पतीला आपण पत्नीला मदत करत आहोत असं वाटत होतं. तिला मदत हवी आहे का, हे त्यानं विचारलं नव्हतं."

भाऊंची बोटं कळांवर थांबली. "हे असंच लिहायचं?"

"असंच."

भाऊंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि ते वाक्य टाइप केलं. मग म्हणाले, "'विचारलं नव्हतं' नंतर पूर्णविराम दिलाय. चालेल?"

"चालेल," वहिनी म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी शेगडीवरचा तक्ता काढून टाकला. त्या तो काढत असताना भाऊंनी खुर्ची धरली.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी निबंध चाळला, मुंग्यांच्या पुस्तकाशी थबकले, पुढे गेले. "तुमचं गृहीतक होतं, सामान जास्त तर भांडणं जास्त. मग निष्कर्ष काय?"

वहिनींनी निष्कर्ष पाठ केला होता. तो नेमका त्याच क्षणी डोक्यातून उडाला. "खरं सांगू सर? मला नीटसं कळलंच नाही. सामान होतं तेव्हा भांडणं होती. सामान गेलं तर भांडणं गेली, पण बोलणंही गेलं. परत आलं तर दोन्ही परत आलं. आता यातलं कशामुळे काय झालं, ते मी रोज जिना चढताना बघते आणि रोज मला वेगळंच वाटतं."

परीक्षकांनी निबंध मिटला. "मी ज्या इमारतीत राहतो तिथे जिना कुणी वापरतच नाही," ते म्हणाले. "समोरच्या दाराआड कोण राहतं, मला माहीत नाही." त्यांनी सही केली. वहिनींना हे उत्तराला मिळालेले गुण आहेत की सहानुभूती, ते समजेना. पण सही सहीच असते.

पास झाल्याची बातमी इमारतीत पोचली आणि सगळ्यांनी निबंध ऐकायचा हट्ट धरला. वहिनींनी नियमाप्रमाणे नावं काढून कुटुंब अ, कुटुंब ब अशी अक्षरं दिली होती, त्यामुळे हरकत नव्हती. रविवारी सकाळी मंडळी पायऱ्यांवर बसली आणि भाऊंनी कुंड्यांशेजारी उभं राहून वाचायला सुरुवात केली. कुटुंब अ कपाट पुढे सरकवतं, हे ऐकून पोस्टमास्तर खो खो हसले आणि ताईंकडे बोट दाखवलं. कुटुंब ड सल्ले देतं, यावर वकील म्हणाले, "असतात अशी माणसं." सगळं खेळीमेळीत चाललं होतं. मग भाऊंनी वाचलं, "'कुटुंब ब हे या इमारतीतलं सर्वात शांत कुटुंब आहे. संपूर्ण अभ्यासकाळात या कुटुंबानं एकाही भांडणात भाग घेतला नाही.'"

"हे आमच्याबद्दल," पोस्टमास्तर समाधानानं म्हणाले.

"तुमच्याबद्दल?" ताई म्हणाल्या. "हे आमचं वर्णन आहे. मी कधी कुणाला उलटून बोलले?"

"आत्ता बोलताय!"

"कायद्यानं पाहिलं तर, शांतता हा शब्द फक्त वरच्या मजल्याला लागू होतो," वकील उभे राहिले.

"शांत आम्ही आहोत!" पोस्टमास्तर कपाटावर मूठ आपटत ओरडले. चपला खाली घरंगळल्या. "पिढ्यान् पिढ्या शांत आहोत!"

"वहिनी, तुम्हीच सांगा! ब कोण?"

"नाही सांगता येत," वहिनी म्हणाल्या. "सह्या केल्यात ना सगळ्यांनी? नावं गुप्त."

हे ऐकून तर आगीत तूप पडलं. भाऊ निबंध छातीशी धरून कसेबसे वहिनींपर्यंत आले आणि त्यांच्या पायरीवर टेकले. वरून खालून आवाज येत होते. भाऊंनी वहिनींच्या कानाशी तोंड नेलं.

"मी टाइप केलं, पण मलाही कळलं नाही गं. ब कोण?"

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नाही अशी खात्री करून घेतली.

"दुसऱ्या मजल्यावरचं डाव्या हाताचं दार," त्या कुजबुजल्या. "मालक परदेशात गेल्यापासून त्याला कुलूप आहे."

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांना इतकं हसू आलं की निबंधाची पानं थरथरायला लागली, आणि पोस्टमास्तर वरून गरजले, "हसताय काय भाऊ? तुम्ही तर ब नाहीच नाही!"